एका शाळेचे चार पत्ते

गुरुवार

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून सुटलेली गाडी साडेचार तासांत एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनात येऊन थांबली. स्टेशनाचं नाव सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून ठेवलेलं. बाहेर आलं की समोर त्याच स्कॉटचं दोनशे फुटी टोकदार स्मारक, धुराने काळवंडलेलं. लेखकाचं एवढं कौतुक पाहून ही म्हणाली, "आपल्याकडे स्टेशनाला कादंबरीचं नाव दिलं असतं तर निम्मा महाराष्ट्र कोर्टात गेला असता."

लेक लीथला राहते. तिने आमच्यासाठी किल्ला, व्हिस्कीचा कारखाना, हायलँड्सची बस असा बेत आखून ठेवला होता. मला मात्र एक शाळा पाहायची होती. शाळेचं नाव रॉयल हायस्कूल. मी काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालो, आणि ज्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाने ते कॉलेज निघालं तो लहानपणी या शाळेत होता. (एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं तो एल्फिन्स्टन वेगळा, याचा पुतण्या. तोही मुंबईचा गव्हर्नर होता.) जावईबापूंनी फोनवर नकाशा काढला आणि विचारलं, "बाबा, नक्की कुठली इमारत? इथे तीन-चार दिसतायत."

शुक्रवार

जावयांची शंका रास्त होती. रॉयल हायस्कूल आपला जन्म ११२८ सालचा सांगते. त्या वर्षी राजा डेव्हिड पहिला याने होलीरूडचा मठ स्थापला आणि मठाबरोबर पाठशाळा आली, असा तो हिशोब. एवढी जुनी जन्मतारीख सांगणाऱ्या कुठल्याही संस्थेकडे मी जरा भुवई उंचावूनच बघतो, पण सोळाव्या शतकात ही गावची ग्रामर स्कूल होती यात वाद नाही. ग्रामर म्हणजे लॅटिनचं व्याकरण. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की बाकावर बसवायचा आणि रूपं घोकून घ्यायची. आपल्याकडे पाठशाळेत शब्दरूपावली आणि अमरकोश घोकत त्याच चालीवर.

१५७८ मध्ये शाळेला ब्लॅकफ्रायर्स मठाच्या आवारात इमारत मिळाली. ती मोडकळीला आल्यावर १७७७ मध्ये त्याच जागी दुसरी बांधली. एल्फिन्स्टन शिकला तो या दुसऱ्या इमारतीत, आणि ती अजून उभी आहे. साउथ ब्रिजवरून इन्फर्मरी स्ट्रीटला वळलं की गल्लीच्या शेवटी आवार लागतं. पाटीवर आजही 'हायस्कूल यार्ड्स'. इमारत दगडी, फारसा डौल न मिरवणारी, दारापुढे खांबांचा छोटा पोर्च. आता ती विद्यापीठाकडे आहे आणि आत कार्बन उत्सर्जन कमी कसं करायचं यावर काम चालतं. पायऱ्यांवर दोन पोरं लॅपटॉप मांडीवर घेऊन सँडविच खात होती. त्यांना विचारलं, इथे स्कॉट शिकला, ठाऊक आहे का? एकाने मान हलवली, दुसऱ्याने खांदे उडवले. त्यांचा काही दोष नाही. मुंबईत एल्फिन्स्टनच्या पायऱ्यांवर बसून मी तरी काय वेगळं करत होतो!

या आवारातली माझी आवडती गोष्ट स्कॉटच्या बटणाची. वर्गात बसण्याची जागा हुशारीवर ठरे. उत्तर आलं की वर, चुकलं की खाली. एक मुलगा कायम पहिला. स्कॉटने कितीही घोकलं तरी तो हलेना. मग स्कॉटच्या लक्षात आलं की मास्तरांनी प्रश्न विचारला की हा गडी जाकिटाच्या एका ठराविक बटणाशी चाळा करतो आणि मग उत्तर देतो. एके दिवशी स्कॉटने चाकूने ते बटण हळूच कापलं. प्रश्न आला, मुलाचे हात बटणाकडे गेले, बटण नाही, मुलगा खाली बघतोय, पुन्हा चाचपतोय, आणि तोवर स्कॉट त्याच्या जागेवर. पुढे हा मुलगा कधी वर आलाच नाही. त्याला पाहिलं की मोठेपणीही आपल्याला टोचणी लागे, असं स्कॉट सांगत असे. मला त्या मुलाचंच वाईट वाटतं. शाळेच्या नामावळीत बटण कापणारा पहिल्या ओळीत आहे आणि कापलं गेलं त्याचा पत्ता नाही.

हेन्री कॉकबर्न हा पुढे न्यायाधीश झालेला विद्यार्थी एल्फिन्स्टनच्याच वयाचा. त्याने लिहून ठेवलंय की पहिल्या मास्तरांच्या हाताखालच्या चार वर्षांत मार न खाल्लेले दिवस दहासुद्धा नसतील. त्याच कॉकबर्नला मुख्याध्यापकांबद्दल मात्र कमालीचा जिव्हाळा. मुख्याध्यापकाला इथे रेक्टर म्हणतात. ते रेक्टर म्हणजे डॉ. अलेक्झांडर अॅडम. त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा मला आपले माधुकरी मागून शिकलेले जुने शास्त्री-पंडित आठवले. फॉरेसजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिकायला एडिनबऱ्यात आला तेव्हा आठवड्याला चार पेन्स भाड्याची खोली, ओटची पेज आणि दुपारी एक पेनीचा पाव. पाव खायचा तो कुठल्या तरी उंच इमारतीचा जिना चढता-चढता, कारण खोलीत शेकोटी नाही आणि अंगात ऊब तर हवी. हा माणूस १७६८ मध्ये रेक्टर झाला आणि १८०९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

अॅडमनी लॅटिनचं व्याकरण इंग्रजीतून लिहिलं. तोवर लॅटिनचे नियमही लॅटिनमधूनच पाठ करायची रीत होती. हाताखालचे मास्तर बिथरले, प्रकरण नगर परिषदेत गेलं, आणि परिषदेने रेक्टरलाच जुनं पुस्तक वापरायचा हुकूम दिला. अॅडमनी तो फारसा मनावर घेतला नाही. शिकवण्याच्या भाषेवरून शाळेत महाभारत होणं ही आपलीच मिरास आहे अशी माझी समजूत होती. या रेक्टरच्या शाळेतून १७९१-९२ साली गेलेला एल्फिन्स्टन तीस वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर होता, आणि त्याच्या कारकिर्दीत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने मराठीतून शाळेची पुस्तकं छापायला घेतली. १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली तीही त्याच्याच काळात. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो.

अॅडमना वर्गातच झटका आला आणि पुढे थोड्या दिवसांत ते गेले. शेवटच्या भ्रमात ते मुलांना म्हणाले, अंधार पडतोय पोरांनो, आता जा घरी. त्याआधी वर्षभर जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून रेबर्नकडून त्यांचं चित्र काढून घेतलं होतं. ते आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. रात्री मी ते फोनवर मोठं करून पाहिलं: हात पुढे केलेला, काहीतरी समजावून सांगतायत. मास्तर जिवंत असताना त्यांचं चित्र काढून घ्यायचं सुचलं, याबद्दल त्या विद्यार्थ्यांना शंभरापैकी शंभर.

त्यांच्यामागून आलेले जेम्स पिलन्स. वर्गात काळा फळा आणि रंगीत खडू आणून भूगोल शिकवण्याचं श्रेय बऱ्याचदा त्यांना दिलं जातं. माझी बहीण आयुष्यभर शाळेत खडू उडवत आली, तिला आवाराचा फोटो पाठवला तर उलट टपाली उत्तर आलं, "डस्टर कोणी आणलं तेही विचारून ये."

याच आवाराला लागून सर्जन्स स्क्वेअर आहे, जिथे १८२८ मध्ये बर्क आणि हेअर यांनी माणसं मारून शरीररचना शिकवणाऱ्या डॉ. नॉक्सना चिरफाडीसाठी प्रेतं विकली. शाळा त्या वेळी इथेच भरत होती. हिने तिथे फोटो काढायला साफ नकार दिला.

शनिवार

दिवसभर भुरभुर पाऊस आणि वारा. छत्री उघडावी तर उलटी होते. इथली माणसं छत्री बाळगतच नाहीत.

रॉयल माइलवर लॉनमार्केटात रिडल्स कोर्ट नावाचं बोळातलं जुनं घर आहे. ते जॉन मॅकमोरन या बड्या व्यापाऱ्याचं. १५९५ च्या सप्टेंबरात शाळेच्या मुलांनी सुट्टी मागितली, परिषदेने नाकारली. मुलांनी रात्री शाळेचा ताबा घेतला, शिधा आणि हत्यारं आत नेली, दारं लावून घेतली. हा प्रकार तसा नेहमीचाच होता, एक प्रकारची परंपराच. पण या वेळी नगराधिकारी म्हणून मॅकमोरन माणसं घेऊन आला आणि ओंडक्याने दार फोडायला लागला. खिडकीतून विल्यम सिंक्लेअर नावाच्या विद्यार्थ्याने पिस्तूल झाडलं. गोळी कपाळात. मॅकमोरन जागीच गेला. सिंक्लेअर बड्या घराण्यातला होता. पोराला शिक्षा झाली नाही, पुढे तो सर विल्यम सिंक्लेअर झाला. बड्या बापाच्या पोराची गाडी कुठल्याही शतकात सुटते.

मॅकमोरनच्या घरात नंतर राजा जेम्स सहाव्याच्या उपस्थितीत मेजवानी झडली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅट्रिक गेडिसने ते दुरुस्त करून विद्यार्थ्यांना राहायला दिलं. आतल्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरलंय: जगता-जगता आपण शिकतो. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले आणि गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. एका बोळात उभं राहून इतकी मुंबई सापडेल असं वाटलं नव्हतं.

किल्ल्यावर गर्दीने जीव नकोसा झाला. एल्फिन्स्टनचे वडील किल्ल्याचे नायब गव्हर्नर होते, त्यामुळे पोरगा इथेच वाढला. किल्ल्यात ठेवलेल्या फ्रेंच कैद्यांशी त्याची गट्टी जमली आणि त्यांच्याकडून तो क्रांतीची गाणी शिकला, केसही तसेच लांब वाढवले, असं चरित्रकार सांगतात. पंचवीस वर्षांनी हाच गृहस्थ पेशवाई बुडवायला पुण्याच्या संगमावर बसला होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी त्याचा बंगला जळाला आणि जिवापाड जपलेली पुस्तकंही गेली. मला या माणसाविषयी नीट राग येत नाही आणि नीट प्रेमही वाटत नाही. पुण्यातली आमची आत्या त्याचं नाव काढलं की पानावरून उठायची.

रविवार

आभाळ उघडलं. सकाळीच डबा घेऊन कॅल्टन हिलकडे निघालो. लेकीने मेथीचे ठेपले दिले होते.

जुनी जागा अपुरी पडायला लागली तेव्हा काय घडलं ते मला फार गमतीचं वाटतं. कॉकबर्न आणि त्याचे मित्र, म्हणजे याच शाळेचे माजी विद्यार्थी, म्हणाले की आता हिच्यात राम नाही, आणि त्यांनी नवी शाळा काढली. १८२४ मध्ये एडिनबरा अकॅडमी सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला भाषण केलं कोणी, तर वॉल्टर स्कॉटने. घरच्याच पोरांनी समोर दुकान थाटल्यावर नगर परिषदेला जाग आली आणि तिने कॅल्टन हिलच्या दक्षिण उतारावर असं काही बांधलं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. वास्तुशास्त्रज्ञ थॉमस हॅमिल्टन, तोही इथलाच जुना विद्यार्थी. नमुना अथेन्सच्या हेफेस्टसच्या देवळाचा. मध्ये डोरिक खांबांचं देऊळ, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, टोकाला छोटे मंडप, आणि खाली रीजंट रोडच्या कडेने उतार पेलणारी लांबलचक भिंत. १८२९ मध्ये शाळा इथे आली आणि १९६८ पर्यंत राहिली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल इथलाच. पंधराव्या वर्षी, फारसे दिवे न लावता, शाळा सोडून गेला. आता नामावळीत तो अगदी वर.

इमारत बंद आहे. तिथे संगीताचं राष्ट्रीय केंद्र करायचं काम हाती घेतलंय, त्यामुळे कुंपणाबाहेरूनच पाहायची. मी जाळीला नाक लावून उभा होतो तेव्हा शेजारी एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले. गळ्यात काळा-पांढरा मफलर. शाळेचे रंग तेच. मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, "इथून बघू नका, पलीकडे बर्न्स स्मारकापाशी चला, तिथून पूर्ण दिसते." स्मारकही हॅमिल्टननेच बांधलेलं. तिथल्या कठड्यावर बसून आम्ही बराच वेळ बोललो. ठेपला त्यांनी आधी हुंगला, मग दोन खाल्ले.

ते साठच्या दशकात इथे शिकले. थंडीत या रस्त्यावर वारा असा येतो की टोपी थेट होलीरूडच्या राजवाड्यात पडेल, आणि मुलांनी चढ चढून घंटेच्या आत दारात पोचायचं. मधल्या सभागृहात गॅलऱ्या होत्या, सकाळची प्रार्थना तिथे. पहिल्या आलेल्या मुलाला 'डक्स' म्हणत आणि त्याचं नाव फलकावर सोनेरी अक्षरात. "माझं नाही," ते म्हणाले, "मी शिक्षा झालेल्यांच्या वहीत होतो, ती वही कोणी जपली नाही."

सभागृहाचं पुढे काय झालं हे सांगताना मात्र त्यांचा आवाज चढला. शाळा गेल्यावर सत्तरच्या दशकात ते तोडून-जोडून स्कॉटलंडच्या होऊ घातलेल्या विधानसभेसाठी तयार केलं. १ मार्च १९७९ ला जनमत घेतलं. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोक हो म्हणाले, पण अट होती की एकूण मतदारांच्या ४० टक्के हो हवेत. तेवढे भरले नाहीत. सभागृह तयार, विधानसभा नाही. १९९२ च्या एप्रिलपासून या दारासमोर लोकांनी धरणं धरलं, शेकोटी पेटवून रात्रंदिवस, १९८० दिवस. १९९७ मध्ये दुसऱ्या जनमतात संसद मिळाली, तर सरकारने ती खाली होलीरूडला नवी बांधायची ठरवली. आम्ही बसलो होतो तिथून ती दिसत होती. मग हॉटेलवाले आले. त्यांच्या आराखड्यात देवळाच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती होत्या. विरोधकांनी त्यांना मिकी माउसचे कान म्हणून हिणवलं. २०२० मध्ये सरकारने तो बेत कायमचा फेटाळला. "संगीताला दिलं ते बरं झालं," आजोबा म्हणाले, "निदान कोणीतरी घोकंपट्टी करेल आत."

ते रॉयल हायस्कूल क्लबचे सभासद. हा माजी विद्यार्थ्यांचा संघ १८४९ चा. माजी विद्यार्थ्याला इथे सगळे 'एफपी' म्हणतात. १८७३ मध्ये स्कॉटलंडचा रग्बी संघ स्थापन झाला त्यात शाळेच्या एफपींचा क्लबही होता. दरवर्षी जेवण होतं, लॅटिन गाणं म्हणतात, गेलेल्यांची नावं वाचतात. मी विचारलं, भांडणं होतात का? ते खळखळून हसले. आमच्याही माजी विद्यार्थी मंडळात गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या जेवणात पुरणपोळी की गुलाबजाम यावरून दोन गट पडलेत. त्यांचं भांडण जास्त जुनं होतं: १९७३ मध्ये शाळेने मुली घेतल्या तेव्हा काही जण म्हणाले, ही आमची शाळाच राहिली नाही. "मी त्यातला नाही," ते घाईघाईने म्हणाले. "नातीने चार वर्षांपूर्वी तिथूनच शाळा संपवली."

मग मी माझा प्रश्न काढला. एल्फिन्स्टन माहीत आहे का? त्यांनी आठवून पाहिलं. "हिंदुस्थानातला ना? यादीत कुठेतरी आहे." स्कॉट, बेल, परराष्ट्रमंत्री झालेला रॉबिन कुक, विनोदी नट रॉनी कॉर्बेट, ही नावं त्यांनी न थांबता घेतली. मी सांगितलं, मुंबई सोडताना लोकांनी त्याच्या नावाने सव्वादोन लाखांहून जास्त रुपये जमवले आणि त्यातून निघालेल्या संस्थेत बाळशास्त्री जांभेकरांनी शिकवलं, दादाभाई नौरोजी शिकले आणि शिकवू लागले. पुढे त्या कॉलेजातून रानडे, भांडारकर, आंबेडकर बाहेर पडले. त्यांना आंबेडकर ठाऊक होते. बाकीची नावं त्यांनी मला पुन्हा सांगायला लावली. शिवाय विल्यम अर्स्किन, ज्याने बाबराच्या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद पुरा केला आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीचा पहिला चिटणीस होता, तोही तुमचाच, असं म्हटल्यावर आजोबांनी खिशातून पेन काढलं.

मला वाटतं नामावळी म्हणजे हा असाच व्यवहार आहे. एल्फिन्स्टन या शाळेत जेमतेम वर्ष-दोन वर्षं होता, पुढे लंडनजवळ केन्सिंग्टनला शिकला आणि सोळाव्या वर्षी कलकत्त्याला उतरला. त्याचं ग्रीकचं वेड त्याने तंबूत, घोड्यावर, स्वतःच्या हिमतीने पुरवलं. तरी शाळा म्हणते आमचा. आम्ही तर त्याला पाहिलंही नाही, तरी म्हणतो एल्फिन्स्टोनियन.

वर टेकडीवर बारा खांबांचं अर्धवट राष्ट्रीय स्मारक आहे, १८२९ मध्ये पैसे संपले म्हणून तसंच राहिलेलं. ही त्यावर चढून बसली आणि उतरायला तयार होईना.

सोमवार

बार्नटनला बसने अर्धा तास. बंगले, हिरवळ, सपाट रस्ते. १९६८ पासून शाळा इथे. बैठ्या आधुनिक इमारती, मोठं मैदान, फाटकावर तीन बुरुजांच्या किल्ल्याचं बोधचिन्ह आणि लॅटिन ब्रीद, ज्याचा अर्थ विद्येने राज्य बहरतं. परवानगीशिवाय आत जायची सोय नाही, आणि नसावीच. मधल्या सुट्टीत पोरं-पोरी काळ्या-पांढऱ्या टायमध्ये बाहेर आली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात चिप्ससाठी रांग लावून उभी राहिली. एका मुलीचा टाय मनगटाला गुंडाळलेला होता. तिच्यासमोर बाराव्या शतकाचा विषय काढायचं धाडस मला झालं नाही.

परतताना आजोबांचा निरोप आला. त्यांनी रात्री जुनी यादी उघडली होती. एल्फिन्स्टन होता, एका ओळीत. त्यांना मुंबईच्या टाउन हॉलमधल्या चँट्रीने घडवलेल्या त्याच्या पुतळ्याचा फोटो हवाय, पुढच्या जेवणाच्या वेळी दाखवायला. एशियाटिक सोसायटीचा सभासद असलेल्या मित्राला लगेच कळवलं. त्याचं उत्तर आलं की आत फोटो काढायचा तर अर्ज करावा लागेल, आणि अर्जात कारण काय लिहू?

मी लिहिलं, "माजी विद्यार्थी."